कॅटाडिन पॉवरसर्व्हायव्हर ४०ई : दोघांच्या होडीवरचा सावकाश वॉटरमेकर

समुद्राच्या पाण्यातून तासाला ५.७ लिटर गोडं पाणी, १२ व्होल्टवर ४ अँपिअर, वजन ११.३ किलो. माहितीपत्रक एवढ्यात आटोपतं. मोठ्या बोटींवर तासाला शंभर लिटर काढणारी यंत्रं असतात, त्यांच्यापुढे हे खेळणंच वाटतं. पण दोघांनीच शिडाच्या होडीतून महिनोन्‌महिने फिरायचं असेल, वेगळा जनरेटर नसेल आणि दुरुस्ती स्वतःच्याच हातांनी करायची असेल, तर याचा सावकाशपणा उलट सोयीचा पडतो. अट एकच, ते जवळजवळ रोज चाललं पाहिजे. वापरून झिजलेल्या ४०ईला सीलचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्यांचा, एक संच पुरतो. पडून राहिलेल्याचा मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पातळ पडदा, जातो, आणि तो या यंत्रातला सर्वांत महागडा भाग आहे.

आधी आत काय चालतं ते पाहू, कारण बिघाड ओळखण्याची सगळी किल्ली तिथेच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे निर्माण होणारा परासरण दाब, म्हणजे गोडं पाणी मेंब्रेनमधून खाऱ्याकडे ओढणारा दाब, २७ बारच्या आसपास असतो. पाणी मेंब्रेनमधून उलट ढकलायचं तर त्याच्या कितीतरी वर जावं लागतं. हे यंत्र ५५ बार, म्हणजे ८०० पीएसआयच्या आसपास काम करतं. आत ओढलेल्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा गोडा होऊन निघतो, बाकीचा आणखी खारट होऊन समुद्रात परत जातो. घरगुती आरओ आणि हे यंत्र तत्त्वाने एकच, फरक दाबाचा आहे. परत जाणारं पाणी अजून भरपूर दाबाखाली असतं. साध्या पंपात तो दाब वाया जातो. इथे एक स्पूल व्हॉल्व्ह (पुढे-मागे सरकणारी झडप) ते पाणी पिस्टनच्या मागच्या बाजूला आणून सोडतो आणि तेच पाणी पिस्टनला पुढे रेटायला मदत करतं. मोटरला फक्त उरलेली तूट भरायची असते, म्हणून ४ अँपिअरमध्ये भागतं.

या रचनेचा एक परिणाम बऱ्याच मालकांच्या ध्यानात येत नाही. किती पाणी गोडं होणार हे पिस्टन आणि त्याच्या दांड्याच्या मापांवर ठरलेलं असतं, दाबावर नाही. पाणी थंड असलं किंवा मेंब्रेनवर घाण बसली की ज्यांत दाब हाताने ठरवून ठेवायचा असतो अशा मोठ्या यंत्रांत गोडं पाणी कमी होतं. ४०ईमध्ये पाणी तितकंच येत राहतं, दाब मात्र वाढतो आणि मोटर जास्त करंट खाते. म्हणून या यंत्राच्या वायरीत एक अँपिअर-मीटर हवाच. नवीन मेंब्रेन असताना, चार्जिंग चालू नसताना आणि चालू असताना, दोन्ही वेळचे आकडे आणि मिनिटाला पिस्टनचे किती ठोके पडतात ते पॅनेलच्या झाकणामागे लिहून ठेवावं. पुढची सगळी चिकित्सा या नोंदीशी ताडून करायची असते. ती नसेल तर अंदाजाने सुटे भाग बदलत बसावं लागतं.

विजेचा आणि पाण्याचा हिशेब

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी चार लिटर धरावे. भांड्यांचा शेवटचा हात, तोंड धुणं आणि अंगावरचं मीठ काढण्यापुरती आंघोळ धरली की माणशी दहा होतात. दोघांचे वीस. म्हणजे साडेतीन तास यंत्र चालवायचं आणि १४ अँपिअर-तास खर्च करायचे. उष्ण कटिबंधात बऱ्यापैकी ऊन असेल तर १०० वॉटचं एक सोलर पॅनेल दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देतं, त्यातला अर्धा वाटा पाण्याला गेला. सकाळी बॅटऱ्या भरू द्याव्यात, अकराच्या सुमारास यंत्र लावावं आणि दुपारी बंद करावं. ऊन वाया जात नाही आणि रात्रीच्या दिव्यांसाठी, ऑटोपायलटसाठी बॅटरी भरलेली राहते. इंजिन चालू असलं तर आणखी बरं. अल्टरनेटरचं व्होल्टेज १४ च्या घरात गेलं की ठोके वाढतात आणि पाणीही थोडं जास्त येतं.

वीस लिटरांत दोन माणसं आरामात राहतात, पण सवयी बदलाव्या लागतात. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि विसळायची, गोड्या पाण्याचा फक्त शेवटचा हात. त्यासाठी सिंकला दोन फूट-पंप हवेत, एक खाऱ्याचा आणि एक गोड्याचा. बटण दाबलं की धो धो येणारा प्रेशर पंप चालू ठेवला तर वीस लिटर कुठे गेले ते संध्याकाळी कळत नाही. खाऱ्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, भांड्यांच्या लिक्विडला किंवा शॅम्पूला येतो. तेव्हा आंघोळ बादलीने खाऱ्या पाण्याची करायची आणि बागेत औषध फवारायच्या हातपंपात दोन लिटर गोडं पाणी भरून अंग धुवायचं. दोन लिटरांत एक माणूस नीट स्वच्छ होतो. कपड्यांची गोष्ट वेगळी. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून खाऱ्यात धुतलेले कपडे आणि चादरी कधी पूर्ण वाळतच नाहीत. त्यांना शेवटचं खळबळायला पंधरा-वीस लिटर गोडं पाणी लागतंच. तो पावसाचा दिवस किंवा इंजिन चालवायचा दिवस. पावसाचं पाणी ताडपत्रीवर धरताना पहिली दहा मिनिटं वाहून जाऊ द्यावं, नाहीतर कापडावरचं मीठ आणि धूळ टाकीत जाते.

वजनाचं गणितही मांडून पाहावं. गॅलापागोस ते मार्केसास हा पॅसिफिकमधला सुमारे ३००० सागरी मैलांचा टप्पा लहान होडीला तीन ते चार आठवडे घेतो. रोज वीस लिटर धरले तर २५ दिवसांचं पाणी ५०० किलो झालं. दहा मीटरच्या होडीवर एवढा भार चढला की तिची चालच बदलते. अकरा किलोच्या यंत्राने त्यातलं बरंच वजन वाचतं. सगळं मात्र वाचत नाही. यंत्र पहिल्याच दिवशी बंद पडलं असं समजून, माणशी रोज चार लिटर गुणिले प्रवासाचे सर्व दिवस, एवढं पाणी निघताना टाकीत असलंच पाहिजे. ते दोन वेगळ्या टाक्यांत असावं, म्हणजे एकीचं पाणी नासलं तरी दुसरीवर किनारा गाठता येतो. वॉटरमेकर आहे म्हणून अर्ध्या टाकीवर निघणारे लोक भेटतात. त्यात शहाणपणा काही नाही.

बसवताना

निम्मे बिघाड बसवतानाच पेरले जातात. पंपाची ओढ बेताची आहे, म्हणून तो पाणपातळीच्या खाली किंवा अगदी जवळ, आणि आत घेणाऱ्या नळीपासून शक्य तितका जवळ बसवावा. पाणी घ्यायचा सी-कॉक (होडीच्या तळातली समुद्राकडे उघडणारी तोटी) स्वतंत्र हवा, होडीच्या मधोमध आणि खोल. एका कुशीवर असला तर होडी पंधरा-वीस अंश कलली की तोच पाण्याबाहेर येतो आणि पंप हवा धरतो. संडासाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या मागे तो कधीही नसावा. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीला टी जोडून पाणी घेण्याचा मोह होतो. तसं केलं तर इंजिन चालू असताना वॉटरमेकरच्या बाजूची तोटी बंदच पाहिजे, कारण इंजिनाचा पंप ताकदीचा असतो आणि बंद पडलेल्या वॉटरमेकरमधून हवा ओढून इंजिन तापवू शकतो. सिंकच्या खाऱ्या फूट-पंपाच्या नळीला जोडलं तर उलट होतं, फूट-पंपाच्या जुन्या रबरी झडपेतून वॉटरमेकर हवा ओढतो.

वायर चांगली जाड घ्यावी. बॅटरीपासून पाच मीटरवर यंत्र असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ४ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट गळतो, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाव व्होल्टही नाही. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो, पण ठोके त्या प्रमाणात मंदावतात आणि मग मालक पंपाला दोष देतो. कथिलाचा मुलामा दिलेली वायर आणि टोकांना गोंदाची उष्णतेने आवळणारी नळी वापरली की हिरवा गंज चढत नाही.

गोड्या पाण्याच्या बारीक नळीवर बंद होणारी तोटी अजिबात लावू नये. त्या बाजूला दाब साचला तर मेंब्रेनचे थर सुटतात आणि ते पुन्हा जुळत नाहीत. नमुना घ्यायला आणि टाकीकडे वळवायला तीन तोंडांचा व्हॉल्व्ह लावावा, असा की कोणत्याही स्थितीत एक वाट उघडीच राहील. आणि जागा ठरवताना झोपायच्या फळीखालची जागा टाळावी. ठोका दर दोन-एक सेकंदांनी पडतो, लाकडात घुमतो, आणि समुद्रावर दोघांपैकी एक जण दिवसाही झोपलेला असतो. खाली रबराच्या गाद्या घातल्या तर फरक पडतो, आवाज नाहीसा होत नाही. कानांना मात्र या आवाजाची सवय होऊ द्यावी. ताल बदलला की कुठल्याही मीटरआधी कानाला कळतं.

काय बिघडतं

सर्वांत जास्त वेळा बिघडतो तो पंप नव्हे, त्याच्या आधीचा गाळणीचा भाग. ३० मायक्रॉनची घडीची फिल्टर काडतूस गाळाने भरली की पंपाला पाणी कमी पडतं, ठोका जड होतो आणि परत जाणाऱ्या नळीची धार बारीक होते. किनाऱ्याजवळ हे चार दिवसांत होतं, खोल समुद्रात महिनाभरही होत नाही. काडतूस धुऊन पुन्हा वापरता येते. घड्या उघडून मऊ ब्रशने, समुद्राच्याच पाण्यात साफ करायची आणि उन्हात कडकडीत वाळवायची. तीन काडतुसा आळीपाळीने फिरवल्या तर वर्षभर जातं. काडतूस न काढता यंत्र काही दिवस बंद ठेवलं तर आत अडकलेले सूक्ष्म जीव मरतात आणि उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइडचा वास. तो आला की ते पाणी पंपाकडे जाऊ द्यायचं नाही. भांडं, काडतूस आणि नळी धुऊनच सुरू करायचं.

दुसरा त्रास हवेचा, आणि तो फसवा आहे. ओढणाऱ्या बाजूला गळती असली तर तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणजे सगळं कोरडं दिसतं आणि पंप खडखडतो. परत जाणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवून पाहावं, बुडबुडे सतत येत असतील तर हवा शिरते आहे. शोधायला दाढीचा फेस उत्तम. एकेका सांध्यावर फेस लावायचा, जिथे तो आत ओढला जाऊन खड्डा पडतो तिथे भोक. दहांतल्या आठ वेळा ते फिल्टरच्या भांड्याच्या ओ-रिंगपाशी, म्हणजे गोल रबरी कड्यापाशी, असतं. ती काढून पुसायची, खाच पुसायची, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि भांडं फक्त हाताने आवळायचं. पान्याने आवळलं की प्लास्टिकला चीर जाते. पेट्रोलियम जेली किंवा इंजिनाचं ग्रीस इथे चालत नाही. रबर फुगतं आणि तेलाचा अंश मेंब्रेनपर्यंत पोचतो. बाकीच्या सांध्यांवर प्रत्येकी दोन होज क्लिपा असाव्यात, ३१६ जातीच्या स्टेनलेसच्या.

तिसरी गोष्ट सीलची. पिस्टन आणि दांडा यांभोवतीचे सील झिजणारच, त्यांचं कामच ते आहे. सुमारे हजार तासांनी संच बदलायचा. रोज साडेतीन तास चालवलं तर हे नऊ-दहा महिन्यांनी येतं, म्हणून लांबचा टप्पा सुरू करण्याआधी बंदरातच बदललेला बरा. आधी बदलायची वेळ आली तर यंत्र सांगतं. पंप आणि गिअरबॉक्सच्या मधल्या जागेतून पाणी ठिबकायला लागतं. हे ठिबकणं ‘थोडंसंच आहे’ म्हणून सोडू नये. खारं पाणी दांड्यावरून गिअरबॉक्समध्ये गेलं की बेअरिंग गंजतात आणि मग तो सीलचा खर्च राहत नाही.

सील बदलणं दीड-दोन तासांचं काम आहे आणि ते होडी नांगरावर असताना करावं. फ्यूज काढायचा, सी-कॉक बंद करायचा आणि दाब पूर्ण उतरल्याची खात्री करून मगच जाड दाबाच्या नळ्या सोडायच्या. पंप ड्राइव्हपासून वेगळा करायचा. बोल्ट एकदम एका बाजूचे न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे, नाहीतर पिस्टन तिरका अडकतो. खाली पांढरा टॉवेल पसरावा, बारीक स्प्रिंगा आणि झडपांचे तुकडे तिथे दिसतात आणि घरंगळून बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळातल्या खोलगटात, जात नाहीत. प्रत्येक सीलचं तोंड कुठल्या दिशेला होतं त्याचा फोटो काढायचा. उलटा बसवलेला सील पहिल्या दिवशी पाणी देतो आणि आठवड्यात फाटतो. जुना सील काढायला स्क्रूड्रायव्हर वापरला तर खाचेत ओरखडा पडतो आणि तिथूनच पुढे गळती होते, त्यामुळे लाकडी किंवा प्लास्टिकची काडी घ्यावी. दांड्यावर नख फिरवून पाहावं. नख अडकेल अशी खोल रेघ असेल तर नवा सीलही टिकणार नाही. सगळं सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवायचं आणि बोल्ट पुन्हा समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळायचे.

यंत्र चालतंय, परत जाणारी धार आहे, पण गोडं पाणी जवळजवळ शून्य, असं अचानक झालं तर सील नव्हे, झडप. शिंपल्याचा कण किंवा वाळूचा दाणा झडपेच्या बैठकीवर अडकला की दाबच बनत नाही. झडप उघडून धुतली की बहुधा काम होतं. हळूहळू कमी होत गेलं असेल तर सील. आणि ठोके तेवढेच, पाणी तेवढंच, पण करंट नोंदीपेक्षा चांगलाच जास्त, तर पंप ठीक आहे. तिथे मेंब्रेन घाण आहे किंवा पाणी थंड आहे. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपेतून) पाणी यायला लागलं तर तीच कारणं, फक्त पुढच्या पायरीची. परत जाणारी नळी कुठे दबली नाही ना, तेही तेव्हाच पाहावं.

मेंब्रेन आणि पाण्याची चव

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, खिशात मावतो आणि तो घेतल्याशिवाय हे यंत्र घेऊ नये. माहितीपत्रकात सरासरी ९८.४ टक्के क्षार अडवण्याचा आकडा आहे. समुद्राच्या ३५,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) मधले १.६ टक्के म्हणजे ५६० पीपीएम. तेव्हा ३०० ते ६०० च्या दरम्यानचा आकडा निरोगी समजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६०० पर्यंत पाण्याची चव चांगली लागते आणि १००० नंतर ते नकोसं वाटू लागतं. कोमट समुद्रात आकडा थोडा वर जातो, कारण दाब कमी आणि क्षारांची झिरप जास्त. थंड समुद्रात तो उतरतो. याने घाबरायचं कारण नाही. एका दिवसात तो दुप्पट झाला तर मात्र आधी मेंब्रेनच्या टोकाची ओ-रिंग पाहावी, आणि ती ठीक असेल तर मेंब्रेन फाटला असं समजावं.

रोज सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांचं पाणी बाटलीत घ्यायचं, मीटर बुडवायचा, चव घ्यायची आणि मगच नळी टाकीकडे वळवायची. या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून टाकी स्वच्छ हवी. आणखी एक, हे पाणी पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांत ओतू नये. पिण्याला गोडं असलं तरी ते डिस्टिल्ड नाही.

मेंब्रेनचे शत्रू दोन, तेल आणि क्लोरीन. बंदरात आणि गजबजलेल्या नांगरवाड्यात पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, तिथे यंत्र लावायचंच नाही. धक्क्यावरच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते पॉलिअमाइडचा पातळ थर कायमचा खातं. नळाच्या पाण्याने धुवायचं झालं तर मध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर हवा. आपल्याच यंत्राचं पाणी सर्वांत सुरक्षित.

पण इथेच या यंत्राची अडचण उघडी पडते. पंप तासाला सुमारे ५७ लिटर ओढतो. पाच मिनिटं गोड्या पाण्याने धुतलं की जवळजवळ पाच लिटर संपले, म्हणजे पाऊण-एक तासाची कमाई. मोठ्या यंत्रांना रोज गोड्याने धुणं परवडतं, याला परवडत नाही. त्यापेक्षा रोज किंवा एक दिवसाआड तासभर चालवणं स्वस्त पडतं. ताजं पाणी फिरत राहिलं की मेंब्रेनवर जीवाणूंचा चिकट थर धरत नाही. बंदरात आठवडाभर थांबायचं असेल तर मात्र बायोसाइड, म्हणजे जिवाणू वाढू न देणारं रसायन, भरायचं. निर्मात्याने सांगितलेलीच पुडी, सांगितलेल्या प्रमाणात, क्लोरीन नसलेल्या पाण्यात मिसळायची. ओढणारी नळी बादलीत घालायची, परत येणाऱ्या नळीतून तेच द्रावण येईपर्यंत चालवायचं आणि बंद करायचं. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचं रसायन सगळ्या धातूंना आणि सीलना मानवेलच असं नाही. पुन्हा सुरू करताना पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी सरळ समुद्रात.

रसायनाने मेंब्रेन धुण्याची वेळ करंट सांगतो. जिवाणू आणि चिकट घाणीला अल्कलाइन, चुन्याच्या आणि गंजाच्या थराला ॲसिड. कोणती घाण आहे ते कळत नसेल तर अल्कलाइन आधी. ॲसिड आधी घातलं तर चिकट थर आणखी घट्ट बसू शकतो. प्रत्येक धुण्याने आयुष्य थोडं घटतं, म्हणून हौसेने धुऊ नये.

दुसरी यंत्रं

८०ई हे त्याच घराण्यातलं यंत्र तासाला १२.९ लिटर देतं आणि ८ अँपिअर घेतं. स्पेक्ट्रा व्हेंच्युरा १५० साधारण ९ अँपिअरमध्ये तासाला २४ लिटरांच्या घरात जातं. लिटरमागे हिशेब केला तर ४०ईला सव्वाआठ-साडेआठ वॉट-तास लागतात, व्हेंच्युराला त्याच्या अर्ध्याच्या आसपास. म्हणजे विजेच्या काटकसरीत ४०ई हरतं, यात वाद नाही. होडीवर मुलं असतील, पाहुणे येत असतील, रोज गोड्या पाण्याची आंघोळ हवी असेल तर मोठं घ्यावं. पण व्हेंच्युराचा दाब वाचवणारा खास पंप, त्याला क्लार्क पंप म्हणतात, समुद्रात उघडून बसण्यासारखा नाही. ४०ईचा पंप साध्या हत्यारांनी उघडतो, आणि वीज पूर्ण गेली तर हँडल लावून हाताने चालतो. ते हँडल आणि त्याचे जोड बोटीवर आहेत ना हे निघण्याआधी पाहावं आणि एकदा नांगरावर जोडून दोघांनीही चालवून पाहावं. फक्त एकालाच जमत असेल तर त्याचा उपयोग अर्धाच.

तरीही होडी सोडायची वेळ आली तर बोल्टने पक्कं बसवलेलं यंत्र बरोबर येत नाही. लाइफ-राफ्टच्या (संकटात उतरायच्या फुगवायच्या तराफ्याच्या) पिशवीसाठी हाताचा वेगळा पंप हवा. सर्व्हायव्हर ०६ तासाला ०.८९ लिटर देतो आणि सव्वा किलोही भरत नाही, सर्व्हायव्हर ३५ तासाला ४.५ लिटर देतो आणि ३.२ किलोचा आहे. १९८९ मध्ये बिल आणि सिमोन बटलर या जोडप्याची होडी पॅसिफिकमध्ये देवमाशांच्या धडकांनी बुडाली. ते ६६ दिवस राफ्टवर जगले ते अशाच हातपंपाच्या पाण्यावर.

बरोबर न्यायचे भाग: सीलचे दोन संच, तीन-चार फिल्टर काडतुसा, भांड्याच्या जादा ओ-रिंगा, सिलिकॉन ग्रीस, बायोसाइडच्या पुड्या, धुण्याची दोन्ही रसायनं, ओढणाऱ्या नळीचा मीटरभर तुकडा, क्लिपा, फ्यूज आणि टीडीएस मीटरच्या बॅटऱ्या. मेंब्रेन जादा नेण्याची गरज नाही, रोज चालवलात तर तो वर्षानुवर्षं जातो.

जुनं यंत्र घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न, ते शेवटचं कधी चाललं आणि त्यानंतर बायोसाइड कधी भरलं. उत्तर गुळमुळीत आलं तर मेंब्रेन मेला आहे असं धरूनच किंमत बोलावी. मग ते खऱ्या समुद्राच्या पाण्यावर तासभर चालवून पाहावं, कोरडं किंवा नळाच्या पाण्यावर नाही, कारण दाबच बनत नाही तिथे सील खोटे बोलतात. एक लिटरची बाटली साडेदहा मिनिटांत भरायला हवी, बारापर्यंत चालेल. शेवटच्या बाटलीत टीडीएस मीटर बुडवायचा. आणि पंप-गिअरबॉक्सच्या मधली जागा पांढऱ्या कागदाने पुसून पाहायची. कागद ओला झाला तर सीलचा संच, तांबूस झाला तर गिअरबॉक्सही हिशेबात धरावा.